रोममध्ये खून झाला, पण विचारणार कोण?

माझ्या पहिल्या मसुद्यात मार्कस नावाचा एक हुशार तरुण होता. टायबर नदीच्या काठी प्रेत सापडतं, मार्कस तिथे पोचतो, जमलेल्या लोकांना प्रश्न विचारतो आणि लोक भराभर उत्तरं देतात. ऐंशी पानं झाल्यावर मी ती एका मैत्रिणीला वाचायला दिली. ती वकिली करते. तिने एवढंच विचारलं, "याला लोक उत्तरं का देतायत? हा कोण लागून गेला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी रोममध्ये साध्या वेशातला मुंबईचा फौजदार नेऊन सोडला होता आणि त्याला टोगा गुंडाळला होता, इतकंच.

प्राचीन रोमवर मराठीत रहस्यकादंबरी लिहावी असं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे टिपण. रोममध्ये आपल्या अर्थाने पोलिस नव्हते. ठाणं नाही, पंचनामा नाही, सरकारी वकील नाही. खून झाला तर कुणातरी नागरिकाने स्वतः फिर्याद करायची, पुरावे गोळा करायचे, साक्षीदार आणायचे आणि कोर्टात उभं राहून बोलायचंही. म्हणून इथे 'खून कोणी केला' याच्या आधी 'कोण कुणाला विचारू शकतो' हा प्रश्न येतो. तो सुटला की कादंबरी निम्मी झाली म्हणा.

पायरी १ : इतिहासाची पुस्तकं बाजूला ठेवा, आधी एक खटला वाचा

इ.स.पू. ८० मध्ये सव्वीस वर्षांच्या सिसेरो या रोमन वकिलाने सेक्स्टस रोस्कियस नावाच्या माणसाचा बचाव केला. त्याच्यावर स्वतःच्या बापाच्या खुनाचा आरोप होता. ते भाषण आजही उपलब्ध आहे, इंग्रजी अनुवाद इंटरनेटवर फुकट वाचता येतो, आणि रहस्यकथेची इतकी चांगली शाळा मला दुसरीकडे सापडलेली नाही.

हकीकत अशी. म्हातारा रोस्कियस हा अमेरिया गावचा श्रीमंत जमीनदार. रात्री रोममध्ये जेवणाहून परतताना त्याचा खून होतो. मुलगा तेव्हा गावी. उजाडायच्या आत बातमी अमेरियाला पोचते. हलक्या गाड्या बदलत दूताने रात्रीच्या दहा तासांत छप्पन्न रोमन मैल, म्हणजे साधारण ८३ किलोमीटर, अंतर कापलेलं असतं. आणि बातमी पोचते कुठे? मुलाच्या घरी नाही, मृताच्या वैऱ्याच्या घरी. सिसेरो इथे बोट ठेवतो : एवढी घाई कुणाला होती?

पुढे कळतं की म्हाताऱ्याचं नाव हुकूमशहा सुल्लाच्या 'ठार मारण्याजोग्या' लोकांच्या यादीत घुसडलं गेलंय. यादी १ जूनलाच बंद झाली होती आणि खून त्यानंतर काही महिन्यांनी झाला, तरीही. यादीत नाव म्हणजे मालमत्ता जप्त. साठ लाख सेस्टर्टियसची (हे रोमन नाणं) इस्टेट लिलावात दोन हजारांना गेली. घेणारा होता सुल्लाचा मर्जीतला माणूस क्रिसोगोनस, एके काळचा गुलाम. 'यात कुणाचा फायदा?' हा प्रश्न सिसेरो याच भाषणात एका जुन्या न्यायाधीशाच्या नावाने उद्धृत करतो.

पण मला सगळ्यात जास्त हलवून गेली ती वेगळीच गोष्ट. खुनाच्या वेळी म्हाताऱ्याबरोबर दोन गुलाम होते. म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होते. मुलगा मागणी करत राहिला की त्यांना विचारा. पण इस्टेटीबरोबर ते गुलामही विरुद्ध बाजूच्या ताब्यात गेले होते, आणि त्यांनी ते द्यायला नकार दिला. खुनी कोण हे माहीत असलेली दोन माणसं रोममध्येच होती आणि त्यांना विचारणं अशक्य होतं.

हे भाषण वाचताना वही घेऊन बसा. प्रत्येक माणसापुढे लिहा : याला काय माहीत आहे, आणि ते याच्याकडून काढून घ्यायचा अधिकार कुणाला आहे? सिसेरो वकील आहे, तेव्हा तो सांगतो ती सगळीच बाजू खरी मानू नका. कादंबरीकाराला तर ते बरंच.

पायरी २ : साल ठरवा. शतक नव्हे, साल

'रोमन काळ' असा काळच नसतो. रोस्कियसच्या खटल्यापासून ट्रेजन सम्राटापर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं जातात, आणि तुमचं कथानक त्या सालाच्या खुंटीला टांगलेलं असतं.

एक उदाहरण पुरे. पहिला सम्राट ऑगस्टस याने इ.स. ६ मध्ये 'व्हिजिलेस' नावाचं दल उभं केलं : सात तुकड्या, शहराचे चौदा विभाग, एका तुकडीकडे दोन विभाग. काम आग विझवणं आणि रात्रीची गस्त. म्हणजे सिसेरोच्या काळातल्या कथेत रात्री व्हिजिलेसचा गस्तवाला भेटला की कथा तिथेच फुटली. उलट पुढच्या शतकातल्या नीरो सम्राटाच्या काळात तो भेटलाच पाहिजे. तसंच कोलोसियम. ते इ.स. ८० मध्ये खुलं झालं, रोममधल्या इ.स. ६४ च्या आगीवर लिहिताना पार्श्वभूमीला कोलोसियम जळताना दाखवलं तर वाचक पुस्तक मिटेल.

महिन्यांची नावंसुद्धा बदलतात. सुल्लाच्या रोममध्ये जुलै नाही, तिथे 'क्विंटिलिस' आहे. ज्युलियस सीझरच्या नावावरून जुलै झाला तो इ.स.पू. ४४ मध्ये, आणि ऑगस्ट त्यानंतर, इ.स.पू. ८ मध्ये. शिवाय जी साल आपण बिनधास्त लिहितो, ती तिथल्या माणसाला माहीत नसते. तो त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांच्या, म्हणजे सर्वोच्च अधिकाऱ्यांच्या, नावाने वर्ष सांगतो.

नवख्यांनी ज्वालामुखीने गाडलेलं पॉम्पेई शहर निवडलं तर सोयीचं. भिंती, दुकानं, भिंतींवरची खरडलेली वाक्यं, सगळं शाबूत आहे. फक्त व्हेसूव्हियसच्या उद्रेकाची तारीख जपून वापरा. परंपरेने २४ ऑगस्ट इ.स. ७९ सांगतात, पण २०१८ मध्ये तिथे कोळशाने लिहिलेला एक मजकूर सापडला आणि त्यावरची तारीख येते १७ ऑक्टोबर. साल लिहिलेलं नाही, तरी आता बरेच अभ्यासक शरद ऋतूकडे झुकतात. मी असतो तर उद्रेक वापरलाच नसता. शेवटी सगळ्यांना ज्वालामुखी गिळणार असेल तर खुनी पकडण्याची घाई कुणाला?

पायरी ३ : विचारणारा निवडा

इथे वेळ घालवा. माझे दोन मसुदे याच पायरीवर आपटले.

सिनेटर घेतला तर दारं उघडतात, पण झोपडपट्टीत त्याला कुणी खरं सांगत नाही. गस्तीच्या दलातला अधिकारी घेतला तर त्याला एक झकास निमित्त मिळतं. या दलाच्या प्रमुखाकडे आगीची जबाबदारी होती आणि भाडेकरूंनी वरच्या खोल्यांत पाणी भरून ठेवावं असा दंडक होता. 'पाणी भरलंय का बघतो' म्हणत तो कुठल्याही जिन्याने वर चढू शकतो. चोर, घरफोडे, आग लावणारे यांचा निवाडा या प्रमुखाकडे, आणि प्रकरण गंभीर असलं की ते नगरप्रमुखाकडे जायचं. म्हणजे तुमच्या नायकाच्या हातून प्रकरण वरचा साहेब काढून घेतो, ही आपल्या ओळखीची गोष्ट तिथेही घडू शकते.

सुईण हा माझा आवडता पर्याय. जिथे कुठलाच पुरुष जाऊ शकत नाही तिथे ती जाते, गरोदरपणाच्या तारखा तिला ठाऊक असतात, आणि वारशाच्या भांडणात तारखांनाच किंमत असते. वैद्यही चालेल, रोममधले बरेचसे वैद्य ग्रीक होते आणि त्यांतले अनेक गुलाम किंवा गुलामीतून सुटलेले.

पण कथानकाला सगळ्यात ताण देतो तो गुलामीतून सुटलेला माणूस. त्याला दोन्ही जगं कळतात. जुन्या मालकाचं कुळनाम तो स्वतःच्या नावात लावतो : सिसेरोचा चिटणीस टायरो सुटल्यावर मार्कस टुलियस टायरो झाला. त्याच्यावर जुन्या मालकाचं देणं राहतं, मानाचं आणि कामाचंही. आणि दंडाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तो जुन्या मालकाला कोर्टात खेचू शकत नाही. आता समजा, सगळे धागे त्याच मालकाच्या ओसरीवर जाऊन पोचले. पुढचं मी सांगायला नको.

आणि कधीकधी विचारणारा थेट सम्राट असतो. इ.स. २४ मध्ये प्लाउटियस सिल्वानस या प्रेटरने बायकोला, अप्रोनियाला, खिडकीतून खाली फेकलं. सासऱ्याने त्याला ओढत सम्राट टायबेरियससमोर नेलं. सिल्वानस म्हणाला, मी गाढ झोपेत होतो, तिनेच जीव दिला. टायबेरियस तडक त्या घरी गेला, शयनगृह पाहिलं, आणि तिथे झटापटीच्या खुणा दिसल्या. इतिहासकार टॅसिटसने हे चार ओळींत सांगितलंय. प्रेटर म्हणजे बडा अधिकारी. त्याच्या शयनगृहात न विचारता शिरणारा माणूस रोममध्ये एकच होता. प्रकरण निकालापर्यंत गेलंच नाही. आजीने, उर्गुलानियाने, नातवाला खंजीर पाठवला. घराण्याने आपापसांत मिटवलं, असं आपण म्हणू.

पायरी ४ : गुलामाची साक्ष — इथे डोळे मिटू नका

रोमन कायद्यात गुलामाची साक्ष साधारणपणे छळ करूनच घेतली जायची. त्याशिवाय ती ग्राह्य नाही. आणि राजद्रोहासारखे अपवाद सोडले तर त्याच्या मालकाविरुद्ध त्याला असं विचारता येत नसे. तेव्हा 'स्वयंपाकघरातल्या गुलामाला नायकाने प्रेमाने विचारलं आणि त्याने सांगून टाकलं' असं लिहिताना थांबा. खाजगीत तो सांगेलही. पण कोर्टात त्याचा उपयोग करायचा म्हणजे त्याला यातनांच्या हवाली करायचं. तुमच्या भल्या नायकाला हे करावंसं वाटेल का? नाही केलं तर खुनी सुटतो. केलं तर नायकाला वाचक माफ करील का?

मालकाचा खून घरातल्या गुलामाने केला तर त्या छपराखालच्या सगळ्या गुलामांना मारायचं, अशी जुनी रीत होती. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याला त्याच्याच गुलामाने मारलं. घरात चारशे गुलाम. लोक रस्त्यावर उतरले, सिनेटमध्ये वाद झाला, शेवटी रीत कायम राहिली. नीरोने वाटेवर दुतर्फा सैनिक उभे केले आणि चारशेच्या चारशे मारले गेले.

तेव्हा 'घरातल्याच कुणीतरी केलं' या शब्दांचं वजन तिथे वेगळं आहे. तुमच्या कादंबरीत घरचा मालक मेला की मुदबखान्यातल्या पोरापासून दारावरच्या म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला मरण समोर दिसतं, आणि खुनी बाहेरचा होता हे सिद्ध होणं ही त्यांच्या जिवाची गरज बनते. ते पुरावा बनवतील, लपवतील, एकमेकांना सांभाळून घेतील. गुंता आपोआप तयार होतो, कृत्रिम वळणं घालावी लागत नाहीत.

पायरी ५ : घर आणि रस्ता

श्रीमंताचं घर मराठी वाचकाला पटकन कळतं. मधोमध उघडा चौक, त्यात पावसाचं पाणी साठवणारं कुंड, भोवती खोल्या : आपला चौसोपी वाडा आठवा. तुलना एकदा करा आणि सोडून द्या. फरक महत्त्वाचा आहे. सकाळी या घराचं दार उघडं असतं आणि आश्रित मंडळी मुजऱ्याला येतात, त्यामुळे 'अनोळखी माणूस आत आला कसा' हा प्रश्न सकाळी उठतच नाही.

गरिबांच्या भाड्याच्या इमारतींना 'इन्सुला' म्हणत. ऑगस्टसने उंचीवर सत्तर रोमन फुटांची मर्यादा घातली, ट्रेजनने ती साठवर आणली. मुंबईत जितकं वर तितका भाव जास्त, तिथे उलटं. वर पाणी नाही, जिने अंधारे, आग लागली तर सगळ्यांत शेवटी कळणार आणि आधी मरणार तो वरचा भाडेकरू.

आणि कृपा करून 'सामसूम रात्र' लिहू नका. सीझरच्या काळापासून दिवसा शहरात चाकाच्या गाड्यांना, थोडे अपवाद सोडून, बंदी होती. माल रात्री यायचा. कवी जुवेनाल तक्रार करतो की रोममध्ये झोप लागायला पैसेवालाच असावं लागतं. रस्त्यावर दिवे नाहीत, पण खडखडाट प्रचंड. किंकाळी ऐकू न येण्याचं याहून चांगलं कारण कुठे मिळणार! प्रेत हलवायचं तर मात्र रात्रीच. दिवसा गाडीत काही झाकून नेलं तर शंभर डोळे वळतील.

पायरी ६ : प्रेत

छोटीच पायरी आहे. रोममध्ये मृतदेहाची चिरफाड करून तपासणी होत नव्हती. गेलेनसारखा मोठा वैद्यसुद्धा माकडं आणि डुकरं कापून शिकला. पण बाहेरून पाहून मत देत. सीझरच्या अंगावर तेवीस जखमा होत्या, आणि वैद्य अँटिस्टियसने सांगितलं की त्यांतली एकच, छातीवरची दुसरी, जिवावर बेतणारी होती. तुमच्या वैद्याला एवढंच ज्ञान द्या. विष वापरायचं तर बचनाग, हेमलॉक, अळंबी ही नावं पुरतात. विष ओळखायची परीक्षा तिथे नाही. संशय आहे आणि अफवा आहे.

पायरी ७ : वेळ

रोमन दिवसाचे बारा तास आणि रात्रीचे बारा तास. उन्हाळा असो की हिवाळा. म्हणजे तासच लांबतो-आखडतो : रोममध्ये भर उन्हाळ्यात दिवसाचा तास आपल्या पंचाहत्तर मिनिटांचा, ऐन हिवाळ्यात पंचेचाळीसचा. रात्रीचं गणित याच्या उलट.

आता रोस्कियसचा दूत परत आठवा. रात्रीचे दहा तास. ऐन उन्हाळ्यात ते आपले साडेसात तास, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर, अंधारात, अखंड. ऐन हिवाळ्यात साडेबारा तास, मग वेग जेमतेम साडेसहा. एकच विधान एका ऋतूत जिकिरीचं आणि दुसऱ्या ऋतूत सहज शक्य. 'मी दहा तासांत पोचलो' असं सांगणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी इथे घेता येते.

उलट 'बरोबर सव्वातीनला' असं काही नसतं. सावलीचं घड्याळ ढगाळ दिवशी मुकं. तत्त्वज्ञ सेनेका थट्टेने म्हणतो की घड्याळांपेक्षा तत्त्वज्ञांचं एकमत लवकर होईल. तेव्हा साक्षीदाराला वेळ सांगू दे ती अशी : स्नानगृहं उघडली तेव्हा, दिवे लावले त्यानंतर, गाड्या सुरू झाल्यावर.

पायरी ८ : खुणा आणि पुरावे

बोटांचे ठसे नाहीत, पण मोहोर आहे. अंगठीवरची मोहोर म्हणजे सही. मृत्युपत्रावर सात साक्षीदारांच्या मोहोरा असायच्या.

मेणपाट्या तर रहस्यकथेसाठीच जन्मल्यासारख्या. लाकडी पाटीवर मेणाचा थर, त्यावर टोकदार लेखणीने लिहायचं. महत्त्वाचा दस्त दोनदा लिहीत : आतला मजकूर बांधून मोहोरबंद, बाहेर तोच मजकूर वाचण्यासाठी उघडा. वाद झाला की साक्षीदारांसमोर मोहोर फोडायची आणि दोन्ही ताडून बघायचे. बाहेरचा बदलला असेल तर लगेच उघड. खाडाखोड रोखण्यासाठी नीरोच्या काळात पाट्यांना भोकं पाडून दोरा तीनदा ओवण्याचा नियम आला, तेव्हा त्या आधी काय चालत असेल याचा अंदाज करा.

आणखी एक खूण. लेखणी जोरात दाबली की मेणाखालच्या लाकडावर ओरखडा उमटतो. मेण पुसून नवं लिहिलं तरी जुना ओरखडा राहतो. लंडनमध्ये रोमन काळातल्या चारशेहून अधिक पाट्या सापडल्या, त्यांतल्या एका कर्जपत्रावर ८ जानेवारी इ.स. ५७ ही तारीख आहे. मेण केव्हाच गेलंय. वाचलंय ते लाकडावरच्या ओरखड्यांवरून. जे आजच्या संशोधकांना जमलं ते तुमच्या चाणाक्ष सुईणीलाही जमू द्या.

पॉम्पेईतला सावकार लुसियस केसिलियस जुकुंडस याच्याही दीडशेहून अधिक पाट्या मिळाल्या आहेत. त्यांवर साक्षीदारांची नावं प्रतिष्ठेच्या क्रमाने लावलेली दिसतात. म्हणजे यादीत कुणाचं नाव एक घर खाली गेलं तर त्याला ते झोंबत असणार. खुनाला एवढा हेतू पुरतो? आमच्या गावच्या लग्नपत्रिका पाहिल्यात का?

पैशांचं रुपयांत रूपांतर करू नका. चार आस म्हणजे एक सेस्टर्टियस, चार सेस्टर्टियस म्हणजे एक देनारियस. पॉम्पेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर आहेत : एक आसला साधी वाइन, दोनला बरी, चारला फालेर्नियन. इ.स. पहिल्या शतकात सैनिकाला दिवसाकाठी दहा आस मिळत. एवढ्या दोन आकड्यांवर वाचक बाकीचा हिशोब स्वतः करतो.

जिथे विचारायला कुणीच नसतं, तिथे लोक देवाला विचारतात. ब्रिटनमध्ये बाथ इथल्या उष्ण झऱ्यात शिशाच्या पत्र्यांवर लिहिलेले शे-सव्वाशे शाप सापडलेत. बहुतेक चोरीचे. 'पुरुष असो वा स्त्री, गुलाम असो वा स्वतंत्र' असं म्हणून सूलिस देवीला चोर पकडायला सांगितलेलं असतं. काही पत्र्यांवर तर संशयितांची नावंही आहेत. पाण्यातून असा एक पत्रा वर आला की नायकाच्या हाती आयती यादी येते.

पायरी ९ : मराठी

लॅटिनमध्ये आदरार्थी बहुवचन नव्हतं. गुलामही मालकाला एकवचनातच बोलायचा, फक्त 'डॉमिने', म्हणजे मालक, हे संबोधन जोडून. आपल्याला मात्र प्रत्येक वाक्यात तू, तुम्ही की आपण हे ठरवावंच लागतं. काही जण सगळ्यांना 'तू' करून मोकळे होतात. कानाला ते भाषांतरासारखं लागतं. मी म्हणतो, मराठी आहे तर मराठीची ताकद वापरा. सुटलेला गुलाम तीनशे पानं जुन्या मालकाला 'आपण' म्हणतो, आणि उलगड्याच्या प्रसंगात एकदाच 'तू'वर येतो. हे लॅटिनलाही जमलं नसतं.

मालक गुलामाला हाक मारताना 'पुएर' म्हणायचे, म्हणजे पोरा. गुलाम साठ वर्षांचा असला तरी. 'ए पोऱ्या' चपखल बसतं.

'दास' हा शब्द मी टाळतो. रामदास, तुळशीदास, 'दास म्हणे' यांनी त्याला भक्तीचा सुगंध दिलाय. रोममध्ये तो घमघमला की क्रूरता निघून जाते. 'गुलाम' बरा, कडक आहे. 'कोतवाल' नको, तो लगेच दिल्ली दरबार आणतो. 'आश्रयदाता' आणि 'आश्रित' ठीक. टोगाला टोगाच म्हणा, धोतर म्हणू नका.

नावांनी वाचक दमतो. एका घरातल्या सगळ्या मुलींची नावं एकच, बापाच्या कुळनामाची : कॉर्नेलियसच्या सगळ्या मुली कॉर्नेलियाच. रहस्यासाठी ही चंगळ आहे (पत्र नक्की कुठल्या कॉर्नेलियाला?), पण बाकी पात्रांची आद्याक्षरं तरी वेगळी ठेवा.

ताटावर शेवटी एक नजर टाका. टोमॅटो, मिरची, बटाटा, मका नाही. साखर नाही, मध आहे. मिरी आहे, आणि ती आपल्याकडची. रोमन लेखक थोरला प्लिनी काळ्या मिरीचा भाव पौंडाला चार देनारियस सांगतो. महाराष्ट्राचा धागा आणायचा मोह होईल, आणि तो खोटा नाही. त्या काळातल्या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही ठिकाणं येतात. पॉम्पेईत १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी जुळणारी मूर्ती तेरला मिळाली आहे. पण धागा मालाचा ठेवा. मोहोरबंद गाठोडं, त्यावरचा कर, गोदामातली तूट. सातवाहनांचा गुप्तहेर रोममध्ये उतरवून त्याच्याकडून खुनी पकडून घेऊ नका. त्याला तिथे कोण उत्तर देणार?

पायरी १० : खुनी सापडल्यावर

बेड्या घालायला कुणी येत नाही. शिक्षाही माणूस बघून. बापाला मारणाऱ्याला पोत्यात शिवून पाण्यात सोडायची शिक्षा होती, रोस्कियसच्या डोक्यावर तीच टांगलेली होती. तो सुटला. प्रजासत्ताकाच्या काळात बडा नागरिक निकालाआधीच शहर सोडून हद्दपारीत जाऊ शकायचा. गुलामाला क्रूस. तेव्हा खुनी कोण हे कळणं आणि त्याचं काही होणं या दोन गोष्टींत तुमच्या कादंबरीची शेवटची पन्नास पानं मावली पाहिजेत.

पहिलं प्रकरण आत्ताच लिहायला घेऊ नका. आधी एक प्रसंग लिहा, चार पानांचा. घरचा मालक पहाटे मेलेला सापडलाय. तुमचा विचारणारा मुदबखान्यात उभा आहे. समोर सोळा वर्षांची गुलाम मुलगी, तिने काहीतरी पाहिलंय. बाहेर चौकात आश्रित जमायला लागलेत. ती बोलली तर तिचं काय होईल हे दोघांनाही माहीत आहे. प्रेत, खंजीर, मोहोर काहीही न दाखवता हा प्रसंग चालला पाहिजे. नाही चालला तर पायरी ३ वर परत जा आणि विचारणारा बदला.